नानांचे कूलर आणि आमची उडती शाई

माणूस निवृत्त झाला की दिवाळी अंकवाल्यांना त्याचा संघर्ष दिसायला लागतो. मी जळगावात सगळी हयात छपाईत घालवली, तेव्हा एकानेही येऊन विचारलं नाही की बाबा रे, त्या थिनरच्या वासाने तुझं डोकं दुखतं का. आता डोळे अधू झाले, घरी बसलो, तर संपादकांचा फोन. ‘यूसुफभाई, तुमच्या संघर्षावर लिहा.’ मी म्हटलं, संघर्ष कसला, एका मशीनची फजिती आहे, ती चालेल का? ते म्हणाले, फजितीत थोडा संघर्ष असेल तर चालेल. थोडा आहे, म्हणून लिहितो.

आधी धंदा काय ते सांगतो. मी स्क्रीन प्रिंटिंग करायचो असं म्हटलं की अर्ध्या लोकांना वाटतं, मी मोबाइलची फुटलेली काच बदलून द्यायचो. तसं नाही. चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं, जिथे छापायचं नाही तिथली भोकं बुजवायची, वर शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीने ओढायची. उघड्या भोकांतून शाई खाली उतरते आणि अक्षर उमटतं. लग्नपत्रिका, सराफाच्या पिशव्या, शाळेच्या गॅदरिंगचे बॅनर, डाळीची पोती, सगळं मी असं छापलं. शाई पातळ करायला थिनर, जाळी धुवायला थिनर, शेवटी हात धुवायलाही थिनर. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, हा वास सोडा. मी विचारलं, आणि खाऊ काय? त्यावर त्यांच्याकडे गोळी नव्हती.

अशा वेळी आमच्या मालकांनी ते मशीन आणलं. मालक म्हणजे हेमराजभाऊ, रावेरकडच्या केळीवाल्या घरातले. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण मालक म्हणून मी भाऊ म्हणायचो आणि वयामुळे ते मला भाई म्हणायचे. शेतात त्यांचं मन लागलं नाही, छपाईत लागलं. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून त्यांनी हे मशीन उचलून आणलं होतं आणि ट्रकवरून उतरवताना त्यांचा चेहरा नवरी घरी आणल्यासारखा होता. मला म्हणाले, ‘यूसुफभाई, आता थिनर नाही, ओली शाई नाही. ही शाई कोरडी आहे. पूड. आणि ती हवेतून उडत जाऊन बसते.’ मी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मे महिना होता, ऊन लागलेलं असू शकतं.

पण ते खरं होतं. यात जाळी असते ती धातूची. वरून कोरडी पूड ब्रशने फिरवायची. ज्या वस्तूवर छापायचं ती जाळीच्या खाली, पण बोटभर अंतर ठेवून. जाळी आणि खालची पट्टी यांच्यात जबर दाबाची वीज सोडली की पुडीच्या कणांना ती खेचते आणि अक्षराच्या भोकांतून पूड सरळ खाली झेपावते. वस्तूला काहीही टेकत नाही. नंतर गरम हवेचा एक झोत दिला की पूड वितळते आणि पक्की बसते. वस्तू गोल असो, खडबडीत असो, नाजूक असो, हिला फरक पडत नाही. अंड्यावर छापता येतं, पापडावर छापता येतं, केळ्यावर येतं. हेमराजभाऊंच्या डोक्यात केळंच होतं.

या विजेला माणसांचीही ओढ फार. पहिल्या दिवशी तिने काय छापलं असेल, तर माझी दाढी. निळी दाढी घेऊन घरी गेलो तर बायको म्हणाली, ‘ये कौनसी होली खेलके आए?’ आमच्याकडे पूड फिरवायला शोभाअक्का होत्या, हाताला अगदी स्थिर बाई. त्या नायलॉनची साडी नेसून आल्या आणि दुपारपर्यंत साडीचा रंग बदलला. मग नियम केला की मशीनपाशी सुती कपडेच घालायचे. कापसाच्या मुलखात सुती कपडा सापडेना. ज्याच्या घरात कापूस छतापर्यंत भरलेला, त्याच्याही अंगात पॉलिस्टरचा शर्ट. शेवटी शोभाअक्कांनी आपल्या सासऱ्यांचं जुनं धोतर फाडून एप्रन शिवले.

आता मशीन जिथे बसवलं त्या शेडबद्दल सांगायला हवं, कारण सगळं अडलं होतं ते तिथेच. शेड होती हेमराजभाऊंच्या वडिलांची. त्यांना सगळे नाना म्हणायचे. नाना म्हणजे पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि दिसेल त्याला केळं खायला घालायचा हट्ट. पूर्वी त्या शेडमध्ये केळ्यांचे कॅरेट ठेवत. पोराने हट्ट केला म्हणून त्यांनी ती दिली, पण एका बोलीवर. मशीन बघायला आले, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘केयाले नाव कायले पाह्यजे? केयं काय शायेत जाऊन राह्यलं का?’

नानांच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, केळं म्हणजे केयं आणि शाळा म्हणजे शाया. हेमराजभाऊंनी ब्रँड, परदेशी बाजार, ग्राहकाचा विश्वास वगैरे समजावलं. नानांनी मान हलवली. ‘पुढच्या आखाजीपावतर पाहीन. तवपर्यंत एक मोठा गिऱ्हाईक आला तं ठीक. नही आला तं हे भंगारात अन् तू शेतात. मले इथं केयी पिकवाची खोली कराची हाय.’

म्हणजे हेमराजभाऊंची छपाई आणि माझी छाती, दोन्ही आखाजीवर टांगलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाकीच्या महाराष्ट्राला ती सोनं घ्यायला आठवते. खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात.

वर्षभरात गिऱ्हाइकं आली, पण ती बघून नाना खूश व्हावेत अशी नव्हती. शिरपूरहून एक कोंबडीवाला आला. त्याला अंड्यांवर छापून हवं होतं. आम्ही म्हटलं, वा, तारीख छापू, गिऱ्हाइकाला कळेल अंडं कधीचं आहे. तो दचकला. ‘तारीख नको. नुसतं ताजे असं छापा.’ मी म्हटलं, तारखेशिवाय ताजे म्हणजे कधीचं ताजे? तो म्हणाला, ‘तेच तर. तारीख शिळी होते.’ आम्ही छापून दिलं. त्याची अंडी अजूनही कुठेतरी ताजी असतील.

धुळ्याहून एक होऊ घातलेले नेते आले. नाव सांगत नाही, अजून होऊ घातलेलेच आहेत. वाढदिवसाला गावभर केळी वाटायची होती आणि प्रत्येक केळ्यावर स्वतःचा फोटो पाहिजे होता. ‘बठ्ठा गावना हातमा मी दिसाले पाहिजे,’ म्हणाले. मी सांगितलं, भाऊ, केळं छापलं की लगेच वाटा, ठेवू नका. पण वाढदिवस पुढे ढकलला गेला, कारण मोठे साहेब येणार होते. मोठे साहेब आलेच नाहीत. तोवर केळी पिकली, ठिपके पडले, मग काळी झाली, आणि नेत्यांचा चेहराही त्यांच्याबरोबर टप्प्याटप्प्याने काळा होत गेला. विरोधकांनी त्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरवले. नेते तणतणत शेडवर आले. ‘मना चेहराले हाई काय व्हयनं?’ मी म्हटलं, भाऊ, चेहरा आम्ही नीटच छापला होता, खालचं केळं पिकलं. त्यांना त्यात काहीतरी टोमणा वाटला. मी खरंच केळ्याबद्दल बोलत होतो.

पावसाळ्यात तर मशीन रुसूनच बसलं. हवेत ओल आली की वीज पुडीवर टिकत नाही, निसटून जाते. पूड उडायची सोडून गोळे होऊन तिथेच बसते, आणि खाली पडलीच तर राखेसारखी पडते. ही गोष्ट आम्ही श्रावणात पुरेपूर शिकलो. खिडक्या बंद केल्या, मोठे दिवे लावून शेड तापवली, पुडीचे डबे मेणकापडात गुंडाळले. सगळा जिल्हा आभाळाकडे बघून पाऊस मागत होता आणि आम्ही तिघं शेडमध्ये बसून ऊन मागत होतो. बाहेर कोणाला बोलून दाखवलं असतं तर मार खाल्ला असता. उन्हाळा लागला तेव्हा मशीन पुन्हा खुलून आलं. आमचा उन्हाळा म्हणजे हवेत पाण्याचा थेंब नाही. बाकी लोक त्याला शिव्या देतात, मी त्या वर्षी त्याच्यावर प्रेम केलं.

आखाजी तोंडावर आली आणि हेमराजभाऊंनी शेवटी एक मोठा मासा गाठला. केळी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीचे साहेब मुंबईहून यायला तयार झाले. त्यांच्यासमोर केळी छापून दाखवायची. पसंत पडलं तर वर्षभराचं काम. आता केळ्यावर कोणतं नाव छापायचं? हेमराजभाऊंनी मला बाजूला घेऊन जाळी दाखवली. तिच्यावर ठसठशीत अक्षरं होती, ‘नाना’.

‘परदेशी माणसाला म्हणायलाही सोपं,’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘आणि म्हाताऱ्यालाही कळेल, केळ्याला नाव कशाला लागतं ते. पण भाई, आत्ता सांगायचं नाही. छापलेली फणीच हातात देऊ.’ मला बरं वाटलं. बापाशी वर्षभर भांडलेला मुलगा असं काही करेल असं वाटलं नव्हतं. आदल्या दिवशी आम्ही दहा-वीस केळी छापून पाहिली. अक्षरं अशी बसली की झाडावरच उगवली असावीत. गरम हवेचा झोत कितपत द्यायचा तेही हाताला बसलं होतं, कारण जास्त दिला तर केळं भाजतं आणि भरीत होतं. ती केळी शोभाअक्कांनी लपवून घरी नेली, नानांच्या नजरेला पडू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी शेडवर पोचलो तर दारातच पाय घसरला. अंगणात सडा मारलेला, शेडची फरशीही भिजवलेली. आत गेलो तर अंगावर काटा आला. इतकं गार. चार कोपऱ्यांत चार कूलर घरघरत होते, त्यातले दोन शेजाऱ्यांकडून मागून आणलेले. खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे. मधोमध नाना, हातात बादली, पडद्यावर पाणी मारत होते. वर्षभर ज्या मशीनला नाकं मुरडली, त्या मशीनच्या पाहुण्यांसाठी म्हातारा पहाटेपासून राबत होता. ‘मुंबईचे लोक हायेत,’ मला म्हणाले, ‘आपली गरमी त्यांले सोसनार नही. मशीन चालो का न चालो, पाहुना गरमीत बसाले नही पाह्यजे.’

आता हुशार वाचकांना कळलं असेल. आम्हाला कळलं नाही. पावसाळ्यात पूड उडत नाही हे आम्हा तिघांना पाठ होतं, पण पावसाळा म्हणजे आभाळातून येतो तो. उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणा आला की कूलरचं तोंड त्याच्याकडे करायचं, हे इतकं अंगात मुरलेलं की कूलर म्हणजे चार भिंतींत आणलेला श्रावण आहे, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. उलट मी नानांना म्हटलं, वा नाना, झकास केलं. आणि एका कूलरसमोर जाऊन शर्टाचं वरचं बटण उघडून उभा राहिलो.

साहेब आले. बरोबर एक मदतनीस, त्याच्या हातात लॅपटॉप. नानांनी त्यांना कूलरच्या बरोबर समोर बसवलं, थंड पाणी दिलं, केळी दिली, मठ्ठा दिला. साहेब सुखावून डोळे मिटून घ्यायला लागले. हेमराजभाऊंनी भाषण सुरू केलं. शोभाअक्कांनी पूड फिरवली, मी बटण दाबलं, केळं बाहेर आलं. त्यावर एक करडा डाग होता.

दुसरं केळं. डाग. तिसऱ्यावर डाग तर नाहीच, नुसती चिमूटभर राख. हेमराजभाऊंचं भाषण विस्कटत गेलं. मी वीज वाढवली, पट्टी पुसली, अंतर कमी केलं. काही नाही. लॅपटॉपवाल्याने विचारलं, ‘हे नेमकं काय लिहिलंय?’ साहेब म्हणाले, ‘असू द्या, हवा छान आहे.’ आणि नाना कोपऱ्यातून समाधानाने बघत होते. मशीन हरलं होतं आणि पाहुणा खूश होता, त्यांचं दोन्हीकडून जमलं होतं. मी हेमराजभाऊंकडे पाहिलं तर ते पुडीच्या डब्याकडे पाहत होते. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि त्या गारव्यातसुद्धा मला घाम फुटला.

तेवढ्यात लाईट गेली.

जनरेटर होता, पण तो फक्त मशीनला जोडलेला. कूलर बंद पडले. शेडच्या पत्र्याने लगेच आपला स्वभाव दाखवला. साहेब उठले, गाडीत बसतो म्हणाले, आणि दोघे एसी लावून काचा वर करून बसले. जाताना त्यांनी दोन्ही मोठी दारं सताड उघडी टाकली. बाहेरून झळ आत घुसली, आमची खानदेशी, कोरडी ठणठणीत. फरशी बघता बघता सुकली, पडद्यांचं पाणी आटलं. शोभाअक्का पदराने तोंड पुसत म्हणाल्या, ‘आता कसं आपल्या घरी आल्यासारखं वाटतंय.’ त्या सहज बोलल्या. पण मी आणि हेमराजभाऊंनी एकदम वळून बंद पडलेल्या कूलरकडे पाहिलं.

मी पुडीचा नवा डबा फोडला. जाळी पुसून कोरडी केली. शोभाअक्कांनी ब्रश धरला. केळं बाहेर आलं आणि त्याच्यावर ‘नाना’ होतं, काळंभोर, दोन्ही कान्यांसकट. पूर्ण फणी छापली. हेमराजभाऊ ती दोन्ही हातांवर घेऊन अनवाणी गाडीकडे धावले. मी आणि शोभाअक्का मागे. नाना बादली घेऊन अंगणात येऊन उभे होते, त्यांना काय चाललंय ते कळेना.

काच खाली आली. साहेबांनी एक केळं तोडलं, फिरवून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. ‘उत्तम आहे. निघतच नाही,’ म्हणाले. हेमराजभाऊ हसले. साहेब म्हणाले, ‘तोच तर प्रश्न आहे. आमचा माल कधी या नावाने जातो, कधी त्या. स्टिकर काढून दुसरा लावता येतो. हे कसं काढणार?’ मग त्यांनी ते केळं सोललं, चवीने खाल्लं, गोड आहे म्हणाले, साल खिडकीतून अंगणात टाकली आणि काच वर केली. गाडी गेली.

हेमराजभाऊ तसेच उभे राहिले. नानांनी बादली खाली ठेवली आणि कोणाचा पाय पडू नये म्हणून साल उचलायला वाकले. उचलली, आणि उभे राहिले ते सालीकडे बघतच. अंगठ्याने अक्षरं घासली. थुंकी लावून घासली. धोतराच्या सोग्याने घासली.

‘हे माह्यं नाव हाय का?’

हेमराजभाऊ म्हणाले, ‘हो.’

नानांनी साल पुन्हा एकदा फिरवून पाहिली. मग म्हणाले, ‘केयं खाल्लं अन् माह्यं नाव फेकून देलं त्यानं.’ आवाज चढलेला नव्हता, पण आम्ही तिघंही खाली बघायला लागलो. ते साल हातात घेऊन शेडकडे चालू लागले. दारात थांबून पाठमोरेच म्हणाले, ‘मशीन राहू दे इथंच.’

हेमराजभाऊंनी धीर करून कूलरचं सांगितलं, की नाना, पाण्याने पूड उडत नाही, तुमच्या कूलरमुळे फसलं सगळं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मंग काय पाहुन्याले गरमीत बसवू?’ या मुद्द्यावर ते अखेरपर्यंत हलले नाहीत.

पुढे मोठं गिऱ्हाईक मिळालं का, तर मिळालं, आणि ते नानाच. घरचं एक केळं ते नावाशिवाय बाहेर जाऊ देईनात. मग भरताची वांगी आली, मग टरबुजं. एकदा लिंबांची टोपली घेऊन आले, तेव्हा मी हात जोडले. नात्यात कोणाला आंबे पाठवायचे तरी आधी शेडवर. बाहेरची कामंही येऊ लागली, मातीच्या कुंड्या, चिनीमातीच्या बरण्या. थोडी थोडी, पण येत राहिली. थिनरचा वास मी त्यानंतर घेतला नाही. केळी पिकवायची खोली नानांनी शेतात बांधली आणि तिच्या दारावरही नाव छापून मागितलं. दार मशीनमध्ये मावत नाही हे पटवायला आठवडा गेला.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. या आखाजीला त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची होती. मी घरी बसलेला, डोळे असे. हेमराजभाऊ कोरी घागर घेऊन माझ्या दारात आले, म्हणाले, ‘भाई, चला.’ शोभाअक्का शेडवर होत्याच. ‘घागरीवर नाव कोण छापतं भाऊ?’ त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांनी तीच जुनी जाळी काढून पुसायला घेतली. घागर गोल, माती खरखरीत, टेकून छापणारं कुठलंही मशीन तिथे हरलं असतं. आमचं हरलं नाही. मला नीट दिसत नव्हतं, पण पूड बसल्याचा तो बारीकसा आवाज मी ऐकला. मग झोत मात्र भरपूर दिला, मातीला भाजायची भीती नसते.

हेमराजभाऊंच्या घरी नेल्यावर वहिनींनी घागर पाटावर ठेवली, पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं, रव्याची गोड सांजोरी ठेवली. नवी घागर ती, पाझरायला लागली, बाहेरून सगळी ओली झाली. हेमराजभाऊंनी अंगठ्याने नाव घासून पाहिलं. निघालं नाही. मग त्यांनी डोळे पुसले, उठले, आणि कोपऱ्यातला कूलर ओढत आणून त्याचं तोंड माझ्याकडे केलं.